पँटच्या पायातल्या बाटल्या

तीनशे बारा नंबरच्या खोलीत मी एका जर्मन साहेबाच्या उष्ट्या ग्लासात नाक घालून उभी होते, तेव्हा वैजनाथ आत आला. लोकांचं प्रेम मोगऱ्यापासून सुरू होतं म्हणे. माझं उष्ट्या ग्लासापासून झालं. त्यात लाजायचं काय?

"काय करताय?" त्यानं विचारलं. हातात रिकामा ट्रे, गळ्यात काळा बो, पाणी लावून चापून बसवलेले केस. खालच्या रेस्टॉरंटचा वेटर. खोल्यांतले ग्लास गोळा करायला आलेला.

"वास घेतीय."

"पिताय?"

"वास घेतीय म्हटलं की! सकाळी कान धुतले नाय का?"

तो हसला नाही. जवळ आला. जवळ म्हणजे... त्याच्या साबणाचा वास येईल इतका. म्हणाला, "कसला येतोय?"

मी पुन्हा नाक घातलं. "इंजनाचा. आमच्या पाचोडच्या मळ्यात विहिरीवर डिझेल इंजन होतं. उन्हात तापलं की असाच वास सुटायचा. आन् त्याच्या खाली... मोसंबी सोलताना साल पिचकते ना, तो."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इंजनानं."

त्यानं ग्लास माझ्या हातातून घेतला. बोटाला बोट लागलं. लागलं तर लागलं. डोळे मिटून त्यानं वास घेतला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"ही रीसलिंग," तो हळूच म्हणाला. "जर्मनीची पांढरी वाइन. पुस्तकात लिहिलंय, जुनी झाली की तिला पेट्रोलसारखा वास येतो. वर्षभर शोधतोय मी. एकदाही आला नव्हता."

"आता आला?"

"आत्ता आला..."

देव दिसल्यावर माणसाचा चेहरा कसा होत असेल, तसा त्याचा झाला होता. मला हसू आलं. पण माझ्या सात खोल्या बाकी होत्या. मी चादर ओढली, तो ग्लास घेऊन गेला.

माझं नाव मनकर्णा. आजीचं नाव ठेवलंय, बदललं नाही, बदलणारही नाही. बी.ए. केलं आणि जालना रोडवरच्या या हॉटेलात हाउसकीपिंगला लागले. रोज सोळा खोल्या. शेंद्र्याच्या कारखान्यांत जर्मन इंजिनियर यायचे, महिना-महिना आमच्याकडं राहायचे. त्यांची चादर बदलणारी मी, त्यांना ताट वाढणारा वैजनाथ. यात फार मोठा फरक आहे असं हॉटेल मानतं. रेस्टॉरंटवाले पुढच्या लिफ्टनं जातात, आम्ही मागच्या. जात गावातच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक महिना हॉटेलात नोकरी करावी.

वैजनाथ पैठणचा. बाप भिक्षुकी करणारा. पोराला लहानपणी सूक्तं पाठ करायला लावली, अर्थ सांगितला नाही. पोरानं तीच सवय वाइनला लावली. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं होतं. कुठल्या द्राक्षाच्या वाइनला कुठल्या फळाचा वास, कुठल्या फुलाचा, घडाघडा म्हणायचा.

"हे फूल तुम्ही बघितलंय का?" मी विचारलं होतं.

"नाही."

"हे फळ खाल्लंय?"

"नाही. आपल्याकडं मिळत नाही."

"मग कशाला जप करताय?"

त्यावर तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या चादरी-टॉवेलांच्या लिनन रूमच्या दारात आला आणि म्हणाला, "साडेतीनला पँट्रीत येता का? मला शिकायचंय."

"काय?"

"नाकानं वास घ्यायला."

त्या हिवाळ्यात हॉटेलात दोन महिन्यांसाठी जर्मन आणि ऑस्ट्रियन वाइनचा मेनू लागला होता. दुपारच्या जेवणानंतर टेबलांवरच्या बाटल्यांत घोट-दोन घोट उरायचे. ते ओतून द्यायचे, असा नियम. वैजनाथ ते बर्फाच्या बादलीत जपून ठेवायचा. साडेतीन ते साडेचार स्वयंपाकघराशेजारची पँट्री रिकामी असायची. कड उडालेले, टेबलावर ठेवायच्या लायकीचे न राहिलेले ग्लास आम्ही घ्यायचो.

खेळ असा : बाटली झाकायची, ओतायची, समोरच्यानं वासावरून आणि चवीवरून ओळखायचं. द्राक्ष कुठलं, देश कुठला. बाटली दिसली की माणूस तिच्यावरचं नाव वाचून वास घेतो. नाव झाकलं की नाकाला खरं बोलावं लागतं. मला हे लई आवडलं. माणसांचंही असं करता आलं असतं तर आडनावं विचारणाऱ्यांची पंचाईत झाली असती.

झाकायला कापड मी आणलं. धोबीखान्यात रद्द झालेल्या गणवेशाच्या पँटी पडलेल्या असतात. त्यांचे पाय कापले, एका तोंडाला नाडी घातली आणि टाक्यांनी नंबर घातले. बाटली पँटच्या पायात उभी राहिली की कुणीतरी गुडघ्यापासून तोडलेला वेटर दिसायचा.

"डोळे मिटा," वैजनाथ पहिल्या दिवशी म्हणाला.

"का? बाटली झाकलीय ना?"

"मिटल्यावर चांगलं कळतं."

"मिटल्यावर तुम्ही काय करताल, काय भरवसा?"

त्याचे कान लाल झाले. मी डोळे मिटले नाहीत. त्याचे लाल कान बघत पहिला घोट तोंडात फिरवला आणि मगात थुंकले. मी गिळायचे नाही, तो गिळायचा.

"भटजीचं पोरगं गिळतंय आन् मी थुंकतीय. लोकांनी बघितलं तर म्हणतील काय?"

"म्हणतील, मुलगी संस्कारी आहे."

पुस्तकातली फळं मी बाद केली. आमची वही आम्ही लिहिली. रीसलिंग म्हणजे इंजन, मोसंबीची साल आणि जिभेवर हरभऱ्याची आंब. पहाटे हरभऱ्यातून चालताना पायाला लागतं ते आंबट दहिवर... तसलीच धार. ऑस्ट्रियाची ग्र्यूनर वेल्टलिनर म्हणजे मुगाची हिरवी शेंग आणि वर पांढरी मिरी. सिल्व्हानर म्हणजे उपटलेल्या भुईमुगाची ओली माती. ऑस्ट्रियाचीच लाल त्स्वायगेल्ट म्हणजे जांभूळ, पण घसा न धरणारं. वैजनाथ लिहून घ्यायचा. त्याचं अक्षर सुंदर होतं. मी वास घेऊन सांगायचे, तो पँटचा पाय वर करून बाटलीवरचं नाव बघायचा आणि वहीत खूण करायचा.

"बरोबर!"

तो 'बरोबर' म्हणाला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची. मी ती बघायचे. वाइनइतकीच.

एका सोमवारी दोघांची सुट्टी जुळली. मी त्याला शहागंजच्या बाजारात नेलं. ट्रामिनर नावाच्या वाइनला गुलाबाचा वास असतो, असं त्याचं पुस्तक म्हणत होतं आणि त्याला गुलाब म्हटलं की फक्त गुलकंद आठवत होता.

अत्तराच्या दुकानातल्या चाचांनी काचेच्या काडीनं त्याच्या उजव्या मनगटावर अत्तर लावलं. "असली गुलाब है मियाँ. दो दिन नहीं जाता."

मी वाकून त्याच्या मनगटाचा वास घेतला. नस उडत होती. मी जरा जास्तच वेळ वाकून राहिले. चाचांनी तोंड फिरवलं आणि बाटल्या पुसायला लागले. अत्तरवाले समजूतदार असतात.

"आला?" त्यानं विचारलं.

"आला."

"कसला?"

"गुलाबाचा. आन्..."

"आन्?"

"आन् काय? तुम्ही आंघोळ करून आलाय, एवढंच."

मिरीच्या दुकानात तो शिंकला, मी हसले, रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये एक पिशवी होती. क्रांती चौकापर्यंत ती पिशवी त्याच्या मांडीवर गेली होती. ठेवली कुणी ते मी सांगणार नाही.

पुढचे दोन दिवस मी प्रत्येक पांढऱ्या वाइनमध्ये गुलाब शोधत होते आणि तो सापडतही होता. मी खुशीत ओरडायचे, "ट्रामिनर!" तो म्हणायचा, "बरोबर!" खळी पडायची.

मग बातमी आली. वाइन पाठवणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीची परीक्षक येणार होती, लिंडनर नावाची बाई. डॅन्यूब नदीकाठच्या एका द्राक्षमळ्यात आणि त्याच्या हॉटेलात वर्षभर शिकायला एका माणसाला नेणार. सगळा खर्च त्यांचा. परीक्षा एकच : नाव न सांगता ओतलेले सहा ग्लास.

मी बद्रीनाथ सरांकडं गेले. ते रेस्टॉरंटचे मॅनेजर. म्हणाले, "ही रेस्टॉरंट स्टाफसाठी आहे. हाउसकीपिंगनं बाथरूमचे वास ओळखावेत."

"ते पण ओळखते, सर. कुठल्या साहेबानं रात्री काय पिलं, ते सकाळी बाथरूममध्येच कळतं. तुमच्या रेस्टॉरंटात नाय."

त्यांनी मला बाहेर काढलं. मी लिंडनरबाईला स्वतःच ई-मेल पाठवला. माझं इंग्रजी वाकडंतिकडं आहे, पण समजतं. एका ओळीचं उत्तर आलं : हॉटेलात काम करणारा कुणीही बसू शकतो. तो कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि खोल्या करायला गेले.

मला जायचं होतं. कुणाचा उद्धार करायला नाही, स्वतःला सिद्धबिद्ध करायला नाही. सोळा खोल्यांतून बाहेर पडायला. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त येत होती आणि ती खरंच येते का, हे मला बघायचं होतं.

वैजनाथही बसणार होता. तो तीन वर्षं याचीच वाट बघत होता. आम्ही त्यावर बोललो नाही. नुसतं एवढंच...

"तुम्ही पहिल्या आलात तर?" तो म्हणाला.

"तर मी जाईन."

"आणि मी आलो तर?"

"तर तुम्ही जाल. आन् मी रडणार नाय, सांगून ठेवते."

परीक्षेला आठ दिवस असताना धोबीखान्यातल्या आशाबाईनं मला हाक मारली. आशाबाई पन्नाशीची, सिल्लोडकडची. लिहिता-वाचता येत नाही, पण कुठली चादर कुठल्या मजल्यावरची ते हात लावून सांगते. आमचे पँटचे पाय तीच धुवायची.

"मने, हे तुझं कागद बघ गं. उलटं केलं तर आत चिकटलेलं निघालं."

बाटलीवरची लेबलं होती. बर्फाच्या पाण्यात भिजून सुटलेली, कापडाला आतून चिकटलेली. मी ती घेतली आणि वही उघडली. तीन नंबरचा पाय. मंगळवारी, शहागंजच्या दुसऱ्या दिवशी, शेवटचा वापरलेला. माझं उत्तर : ट्रामिनर. त्याच्या सुंदर अक्षरात खूण : बरोबर.

लेबलावर होतं : मुस्काटेलर.

दुसरं द्राक्ष. त्यालाही फुलांचाच वास, पण दुसरं. मला बाटलीत गुलाब सापडला नव्हता. ओतणाऱ्याच्या मनगटावर सापडला होता.

साडेतीनला मी लेबल त्याच्या समोर ठेवलं. त्यानं बघितलं, आणि खळी असलेला गाल पांढरा पडला.

"हे काय आहे?"

"तुम्ही... तुम्ही इतक्या खुशीत होता त्या दिवशी..."

"मी खुशीत होते म्हणून उत्तर बरोबर?"

"मला तुमचा चेहरा उतरलेला बघवला नाही."

"किती वेळा?"

"चार-पाचदा असेल."

"कुठल्या बाटल्या?"

तो वहीची पानं उलटायला लागला.

"कुठल्या, वैजनाथ?"

"...आठवत नाही."

मी वही भिंतीवर फेकली. दोनशे खुणा होत्या तीत. त्यांतल्या चार-पाच खोट्या, आणि कुठल्या ते माहीत नाही, म्हणजे दोनशेच्या दोनशे खोट्या. मला वाटलेलं मला येतं. आता मला काहीच माहीत नव्हतं.

"बाटली झाकलेली असती तेव्हा खरं फक्त ओतणाऱ्याला माहीत असतं," मी म्हणाले. "मी तुमच्यावर सोपवलं होतं. आमच्याकडं मापात पाप करणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेत नायत. तुमच्या घरी शिकवत असतील, यजमानाला बरं वाटंल ते बोलावं आन् दक्षिणा घ्यावी. मी तुमची यजमान नाय."

लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोलले होते. तो म्हणाला, "मी खोटं बोललो. कारण मला तुम्ही..."

"नका सांगू. तेही मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल, तर मी कसं ओळखू?"

त्यानं खाली पडलेली वही उचलून माझ्यासमोर धरली. मी ती तशीच सोडून निघाले.

दोन दिवस मी पँट्रीत गेले नाही. खोल्या केल्या. तिसऱ्या दिवशी आशाबाईला घेऊन गेले. वैजनाथ तिथंच बसला होता, कापड न घातलेल्या बाटल्यांसमोर, परीक्षेला उशिरा आलेल्या पोरासारखा.

"आजपासून ओतणार आशाबाई," मी सांगितलं. "लेबल बोटानं दाखवायचं ते शेवटी. तिला वाचता येत नाय, त्यामुळं ती कुणाचं मन राखू शकत नाय. तुम्ही इकडं बसा. माझ्या बाजूला."

"मी?"

"तुम्ही कधी झाकलेल्या बाटलीचा वास घेतलाय का? कायम नाव बघूनच घेतला ना?"

आशाबाईनं पदर खोचला. "कंचं आधी देऊ? ह्या समद्या सारख्याच वास मारत्यात."

पहिल्या दिवशी मी सहातल्या तीन चुकले. वैजनाथ पाच चुकला. आशाबाई हसून हसून बेजार. "तीन वर्सं शिकला म्हणं ह्यो!" तो मान खाली घालून हसला. मी हसले नाही. पण त्याच्या हाताला गुलाबाचा वास आता नव्हता, हे मी बघून घेतलं होतं.

पाच दिवस आम्ही असे शेजारी बसलो. खांद्याला खांदा लागायचा, बोलणं फक्त वाइनचं. इंजन सापडलं, मूग सापडला, भुईमुगाची माती सापडली. ट्रामिनर आणि मुस्काटेलर मात्र शेवटपर्यंत एकमेकींच्या साड्या नेसून यायच्या. शेवटच्या दिवशी मी सहापैकी पाच बरोबर. तो चार.

परीक्षा शनिवारी अकराला होती, बँक्वेट हॉलमध्ये. आठ जण बसले. लिंडनरबाई उंच, पांढऱ्या केसांची, कुणाशी न हसणारी. मला ती लगेच आवडली. सहा ग्लास. पहिला इंजन. दुसरा मूग आणि मिरी. तिसरा भुईमूग. पाचवा जांभूळ, सहावा बीट आणि ओला पालापाचोळा. जर्मनीची लाल श्पेटबुर्गुंडर. चौथ्यावर मी अडकले. फुलं. गोड, दाट फुलं. शहागंज. मी शेवटच्या मिनिटाला लिहिलं : ट्रामिनर.

कागद देऊन सगळे बाहेर पडले. कॉरिडॉरमध्ये खिडकीपाशी वैजनाथ उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"चौथा ट्रामिनर होता ना?"

माझा आवाज कसा आला ते मला कळत होतं. त्यालाही कळला असणार. 'हो' म्हटलं असतं तर निकालापर्यंतची वीस मिनिटं माझी सुखात गेली असती. त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदा खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा माझ्याकडं.

"नाही," तो म्हणाला. "चुकलीस. मुस्काटेलर होता. गुलाब नव्हताच त्यात... ताजी द्राक्षं होती. मला पहिल्याच वासात कळलं."

चुकले होते. पण या वेळी त्यानं माझं मन राखलं नव्हतं. मी खिडकीचा गज धरला.

"मग आता त्या दिवशीचं वाक्य पूर्ण कर," मी म्हणाले.

"कुठलं?"

"मला तुम्ही... इथपर्यंत आलं होतं."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. सरळ. खळी नाही, हसू नाही. "तुझं नाक आवडतं. तोंड आवडतं, त्यातून निघतं ते सगळंच आवडत नाही. तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. तू जावंस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे."

"बरं," मी म्हणाले. "मग लग्नाचं बोलायला हरकत नाय."

तो भिंतीला टेकला.

निकाल बद्रीनाथ सरांनी वाचला, गोळी गिळल्यासारखं तोंड करून. मी सहापैकी पाच. वैजनाथ चार, त्याच्या दोन्ही लाल वाइन चुकल्या होत्या. बाकीचे तीनच्या खाली. लिंडनरबाईनं माझा हात हलवला आणि विचारलं, चौथा का चुकला? मी म्हणाले, प्रेमात पडल्यामुळं. ती हसली. एवढंच, एकदाच.

मी कॉरिडॉरमध्येच वडिलांना फोन लावला. आप्पासाहेब मळ्यात होते. मागं मोसंबीच्या बागेतली माणसं ओरडत होती.

"आप्पा, मला वर्षभर परदेशात जायचंय. शिकायला."

"काय शिकायला?"

"द्राक्षाची दारू."

आप्पांनी कुणाला तरी पाणी बंद करायला सांगितलं. मग, "द्राक्षाचा मळा हाय का तिथं?"

"हाय. नदीकाठी."

"मग मळ्यात चाललीय म्हण की. तुझ्या आईला मी सांगतो. दारूचं मधी आणू नगं."

"आन् आप्पा... एक पोरगा बघितलाय मी."

"कुठला?"

"पैठणचा. बाप भिक्षुकी करतो."

वैजनाथ माझ्यासमोर उभा होता, गळ्यातल्या बोची गाठ सोडत. मी फोन दोघांच्या मध्ये धरला, स्पीकरवर.

"भटाचा?" आप्पा म्हणाले. "आमचं नंतर बघू. त्याच्या बापाला चालंल का, ते आधी इचार."

"चालणार नाही," वैजनाथ म्हणाला. "काका, मी वैजनाथ बोलतोय. माझ्या वडलांना चालणार नाही. आई रडेल. वर्षभर तरी मला घरात घेणार नाहीत. पण मला करायचंय."

आप्पा खाकरले. बाजूला कुणाला तरी म्हणाले, ती पाटी हिकडं ठिव. मग फोनजवळ आले.

"पोरगा खरं बोलतो," ते म्हणाले. "आण त्याला."